बरणीवरची मालन

“जनुकीय म्हंजे काय वं, दमू?” सुभद्राकाकूंनी विचारलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही तो शब्द मीच घरून आणला होता.

“बियाण्यात काहीतरी फेरफार केलेला असते म्हणतात,” मी म्हटलं.

“मंग आमी कोठी फेरफार करतो? लिही नाई.”

मी लिहिलं, नाही.

असं बावीस वेळा लिहिलं. आमच्या कळमखेडच्या महिला दूध संस्थेत तेव्हा बावीस बाया होत्या आणि मी सचिव. सचिव कशाची, दहावी पास आणि अक्षर बरं, म्हणून बसवलेली. पुण्याची एक कंपनी आमचं तूप घेणार होती. आमच्या पूर्णाकाठच्या भुरक्या म्हशींचं तूप दाणेदार असतं, ते त्यांना आवडलं होतं. त्यांच्या बरणीवर हिरव्या अक्षरात छापलं जाणार होतं, की या म्हशींना जनुकीय बदल केलेलं कोणतंही पीक खाऊ घातलेलं नाही. त्यासाठी प्रत्येकीचा एक कागद भरायचा होता. बावीस कागद, बावीस सह्या-अंगठे, आणि बावीस ‘नाही’ माझ्या हातचे. त्यातला एक माझा स्वतःचा.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. खोटं लिहायचं म्हणून लिहिलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. नंतर जे केलं त्याबद्दल मात्र मला असं म्हणता येत नाही.

संस्थेची अध्यक्ष होती मालन. आमच्या दोघींची दारं समोरासमोर, मधे बैलगाडी जाईल एवढीच गल्ली. तिचा नवरा तापानं गेला तेव्हा पोरगा दोन वर्षांचा होता. माझा नवरा त्याच्या पुढच्या वर्षी गेला, मला मूलबाळ नाही. तेव्हापासून आमचं विरजण एकच. तिचं दही संपलं की ती वाटी घेऊन माझ्या दारात, माझं संपलं की मी तिच्या. गावातल्या बाया हसायच्या, म्हणायच्या, “या दोघीईचं लगन लावून द्या बाप्पा!” हसू देत. मला एवढंच माणूस होतं.

तिचा पोरगा उमेश पुण्याला कारखान्यात लागला. तुपाच्या या गोष्टीच्या सहा वर्षं आधी तो आला होता, आईला न्यायला. म्हणाला, म्हैस विकून टाक आणि चल. मालननं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “काहून जातं? तिथं चार भिंतीत काय करशीन?” मालन गेली नाही. पोरगा जाताना ओट्यावरून ओरडला, “तुले मी नाई, म्हैसच पायजे! राह्य मंग तिच्याजवळ!” त्यानंतर त्याचा फोन नाही, की लग्न झालं त्याची पत्रिका नाही. लग्नाचं तिला तिसऱ्याकडून कळलं. त्या दिवशी तिनं दोन्ही वेळची धार काढली, दूध संस्थेत घातलं आणि कोणाशी बोलली नाही.

आणि आता कंपनीनं बरणीवर मालनचा फोटो छापायचं ठरवलं होतं.

फोटोवाला आला त्या दिवशी मालन मोरपंखी लुगडं नेसली. भुरीच्या, म्हणजे तिच्या म्हशीच्या, शेजारी उभी राहिली. तिला हसायला सांगितलं तर तोंड आंबट झालं. तेवढ्यात भुरीनं तिचा कान चाटला आणि मालन अशी हसली की पदर डोक्यावरून घसरला. फोटोवाल्यानं नेमका तोच घेतला.

छापून आलेली लेबलं तिनं दहादा पाहिली. म्हणाली, “दमू, हे पुण्याच्या दुकानात लागीन ना?”

“लागीन.”

“उमेश दुकानात जात असीनच.”

“जात असीन.”

“त्याले दिसीन तं खरं, का त्याच्या मायची म्हैस कोठवर पोचली.”

वाटीत विरजण घेऊन घरी आले.

त्याच आठवड्यात एकदा मी तिन्हीसांजेला म्हशीसाठी ढेप भिजवत होते. आमच्याकडे सरकीच्या पेंडीला ढेप म्हणतात. ढेपेशिवाय म्हैस दुधावर येत नाही, दुधाला दाटपणा येत नाही, हे गावातल्या लहान पोरीलाही ठाऊक. खिडकीच्या भोकातून वारा येत होता, म्हणून मी कोनाड्यातलं कापसाच्या बियाण्याचं रिकामं पाकीट घेतलं आणि भोकात कोंबायला लागले. पाकिटावर ठळक लिहिलं होतं, बीटी, आणि खाली बारीक अक्षरात, जनुकीय बदल केलेलं बियाणं. माझा हात तिथंच थांबला.

आम्हाला बीटी म्हणजे कापसाचं आडनाव वाटायचं. दुसरं बियाणं आमच्याकडे मिळतच नव्हतं, तर वेगळं काय वाटणार? वावरात बीटी असायचं. जिनात गेलं, रुई निघाली की त्याची सरकी व्हायची, तेलाच्या गिरणीतून निघाली की ढेप. गोठ्यात येईपर्यंत त्यातलं बीटी कुठं जातं, हा विचार आमच्यापैकी एकीलाही शिवला नव्हता. बावीस बायांनी बावीस कागदांवर ‘नाही’ म्हटलं होतं आणि बावीस गोठ्यांत बादल्या भिजत होत्या.

मी हात न धुताच समोर गेले. मालन चुलीपुढे होती. सगळं सांगितलं. तिनं भाकरी उलटली.

“मंग ते दुधात येते का?” तिनं विचारलं.

“दुधात नाई येत म्हणतात. पण कागदावर दुधाचं नाई इचारलं. खायाचं इचारलं हाय.”

“ढेप बंद करता येते?”

“करशीन बंद? आणि भुरी किती दूध देईन?”

मालननं भाकरी टोपल्यात टाकली. तिनं निखारे मागे सारले. मग म्हणाली, “दमू, मी तुले कधी काही मांगलं नाई. पयली खेप जाऊ दे. एकडाव त्याले दिसू दे. मंग तुले काय सांगायचं ते सांग, मी सोता तुह्यासंग येते सांगायले.”

मी म्हटलं, “बरं.”

तूप कढवलं, एकशे चाळीस बरण्या भरल्या, प्रत्येकीवर हसणारी मालन चिकटवली. बरण्या संस्थेच्या खोलीत भिंतीला लावून ठेवल्या होत्या. सोमवारी गाडी येणार होती. शुक्रवारी कंपनीतून केतकी मॅडमचा फोन आला. पुण्यात तूप आधीच सांगून ठेवलेलं एक गिऱ्हाईक होतं, शेतीतलं जाणणारं. त्यानं कंपनीला विचारलं होतं, की विदर्भातली म्हैस आणि सरकी खात नाही, हे कसं? मॅडम म्हणाल्या, “दमयंतीताई, मी उद्या येते. फक्त गोठे बघते, फोटो काढते. त्यांचं समाधान झालं की विषय संपला.”

संध्याकाळी सगळ्या बाया संस्थेत जमल्या. मी उभं राहून ढेपेचं सांगितलं, तर आधी कोणाला खरंच वाटेना. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

“अवं, हे काय नवीन काढलं? ढेप काय इख हाय?”

“आपले लेकरं नाई पित का हेच दूध? मेले का कोणी?”

“मंग त्याईनं आधी इचाराले पायजे होतं, ढेप देता का म्हणून! जनुकीय-फनुकीय कोणाले समजते?”

यातलं एकही बोलणं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. मी म्हटलं, “समजलं नाई तेव्हाचं सोडा. आता तं समजलं ना?”

सुभद्राकाकूंनी हात झटकला. “तू लय सरळ हायस, दमू. सरळ माणसाचं घर गावाच्या टोकाले असते ते बरं असते. ढेपेचे कट्टे तुह्या मांगच्या खोलीत ठेवतो. तिकडं कोणी पाह्यत नाई.”

सगळ्या हसल्या. मालन हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मी हो म्हणून मान हलवली.

शनिवारी सकाळी उजाडायच्या आत माझी मागची खोली भरली. जिच्याकडे जेवढी ढेप होती तेवढी तिनं आणून टाकली. मालननं तिचं पोतं सगळ्यात शेवटी आणलं. डोक्यावरून उतरवताना मीच हात लावला. ती म्हणाली, “दोन दिवसाची गोष्ट हाय.”

केतकी मॅडम दुपारी आल्या. पंचवीस-सव्वीसची पोरगी, उन्हानं लाल झालेली. एकेक गोठा फिरल्या. गव्हाणीत तुरीचं कुटार म्हणजे भुसा, कडबा, डाळीची चुनी. बादल्या घासूनपुसून उपड्या. मॅडमनी फोटो काढले. त्यांनाही काही सापडायला नकोच होतं, हे त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं. शेवटी माझ्या घरी चहाला बसल्या. चपला काढून पाय मोकळे केले.

“सुटले बाई,” त्या म्हणाल्या. “ताई, तुम्हाला सांगते, लेबल काय आवडलंय लोकांना! सगळे विचारतात, या हसणाऱ्या बाई कोण? पुढच्या महिन्यात आमचं मोठं प्रदर्शन आहे. मालनताईंना मी घेऊन जाणार आहे, पंधरा दिवस. स्टॉलवर बसवणार.”

“मालन जाईन?” मी विचारलं.

“अहो, त्यांना कालच फोनवर विचारलं. लगेच हो म्हणाल्या. त्यांचा मुलगा तिथंच असतो ना? त्याचं नाव, कारखान्याचं नाव, सगळं लिहून घेतलंय मी. आम्ही शोधून काढू त्याला. स्टॉलवर आणूनच उभा करते बघा आईपुढे. मग तो कसला सोडतोय त्यांना!”

मॅडम हसल्या. चहा उतू गेला तो मी फडक्यानं पुसला. मालननं मला यातलं काही सांगितलं नव्हतं. कपात चहा गाळला, मॅडमच्या हातात दिला. मग मी मागच्या खोलीपर्यंत गेले, कडी काढली आणि दार ढकललं.

“हे पाहून घ्या,” मी म्हटलं.

मॅडम कप घेऊनच उठल्या. दारात उभ्या राहिल्या. खोलीत छातीएवढी थप्पी होती आणि सरकीचा तो आंबूस वास एकदम बाहेर आला.

“हे काय आहे?”

“सरकीची ढेप. बीटी कापसाची. गावातल्या सगळ्या म्हशी हेच खातात. माहीही.”

त्या पोरीचा चेहरा पाहवेना. कप खाली ठेवला, चहा तसाच होता. “ताई, तुम्ही कशाला दाखवलंत हो?” ती हळूच म्हणाली.

कंपनीनं करार मोडला. तूप साधं म्हणून कुठंही विका, पण कंपनीच्या नावाचं लेबल काढून, असं सांगितलं. सोमवारी बाया संस्थेच्या खोलीत लेबलं काढायला बसल्या. गरम पाण्याचं फडकं लावायचं आणि विळ्याच्या टोकानं खरवडायचं. मी गेले तशी माझ्या दोन्ही बाजूच्या बाया सरकून बसल्या. मालन भिंतीशी होती. एक बरणी घ्यायची, मांडीवर धरायची, आपलंच तोंड खरवडायचं, बरणी बाजूला ठेवायची, पुढची घ्यायची. आधी पदर निघायचा, मग म्हैस, दात सगळ्यात शेवटी. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. तिच्या समोर मी चाळीसेक बरण्या साफ केल्या आणि एक लेबल ओलं करून अलगद काढून कमरेला खोचलं. ते अजून माझ्या पेटीत आहे.

पुढं तालुक्याच्या ग्राहक मंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, वर भाषण, की अशा खेड्यातल्या अशिक्षित बाईनं सत्याची बाजू घेतली. अशिक्षित! मी म्हणणार होते, बाप्पा, मी दहावी पास आहे. पण नमस्कार केला आणि खाली उतरले. नारळ घेऊन घरी आले तर समोरचं दार लावलेलं होतं.

गाव पाच-सहा महिन्यांत निवळलं. दुसरी डेअरी आली, लेबलाबिबलाची भानगड नसलेली. सुभद्राकाकू तर म्हणाल्या, “जाऊ दे वं, तुह्या पोटात राह्यलं नाई, तुहा सभावच तसा.” सगळ्यांनी ते धरून घेतलं की दमू खोटं बोलू शकत नाही. मीही धरून घेतलं. सोपं होतं ते.

मालननं मात्र तोंड उघडलं नाही. शिवी दिली असती तर मी जगले असते. एकदा रात्रीचं दूध तापवलं आणि विरजण नव्हतं. वाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले, परत आले. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून पिशवीतलं दही आणलं. त्याचं विरजण लावलं, ते दही कधी नीट लागलंच नाही. आता मी दही खातच नाही.

आमच्याकडे म्हैस व्याली की चीक शेजारी वाटतात. ते भांडं रिकामं किंवा धुवून परत करायचं नसतं, त्यात चिमूटभर साखर नाही तर मूठभर दाणे टाकून द्यायचे. अकरा वर्षांत माझी म्हैस सात वेळा व्याली. सातही वेळा पहिलं भांडं मी मालनच्या ओट्यावर ठेवलं. तासाभरानं ते माझ्या ओट्यावर असायचं. भरलेलंच, वर झाकण जसंच्या तसं. ती नेम मोडत नव्हती, रिकामं परत करत नव्हती. मी त्या चिकाचा खरवस करायचे आणि एकटी खायचे. एकदा तर सगळा म्हशीलाच पाजला.

उमेश आला नाही. भुरी मेली, तिची पारडी आता म्हातारी झाली. मालनही वाकली.

गेल्या बुधवारी माझी म्हैस आठव्यांदा व्याली. मी भांडं भरलं आणि या वेळी ओट्यावर ठेवलं नाही. सरळ आत गेले. मालन खाटेवर बसून तूर निवडत होती. तिनं मान वर केली.

मी उभ्या उभ्याच बोलले. बसले असते तर बोलणं झालं नसतं. “मालन, मी त्या दिवशी खरं बोलायचं म्हणून दार नाई उघडलं. तू पुण्याले जाशीन, उमेश तुले ठेवून घेईन, म्हणून उघडलं. ढेपेचं मले काही वाटत नव्हतं. मी गप राह्यली असती, जलमभर राह्यली असती. मले तुले जाऊ द्यायचं नव्हतं.”

मालननं दोन खडे काढून बाजूला टाकले.

“मले ठाऊक हाय,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. सत्य का फत्य, ते लोकाईसाठी. मी तुले पंचवीस वर्सं पाह्यत होती.” तिचा आवाज खरखरीत झाला होता, वापरात नसल्यासारखा. “तू येऊन सांगशीन म्हणून वाट पाह्यली. येकडाव म्हणशीन. तू चीक ठेवून पळून जायची.”

मी दाराच्या चौकटीला टेकले.

“आणि दमू, मी जाणारच नव्हती वं,” ती म्हणाली. “पंधरा दिवस राहून येणार होती. त्याले दाखवून येणार होती. भुरीची धार तुह्याशिवाय कोणाच्या हाताले लागली असती? तुलेच सांगणार होती मी, सोमवारी गाडी गेल्यावर. तोवर तुह्या जीवाले घोर नको म्हणून बोलली नाई.”

भांडं तिच्या खाटेशी ठेवलं. तिनं पुन्हा सुपात मान घातली. मी घरी आले आणि दिवसभर ओट्यावर बसून राहिले, समोरच्या दाराकडे पाहत. भांडं घेऊन कोणी बाहेर आलं नाही.

आज रविवार. चार दिवस झाले, भांडं परत आलेलं नाही. भरलेलंही नाही, रिकामंही नाही. मी मागायला गेले नाही.